खडूने लिहिलेलं शून्य

आक्काने आयुष्यात लिहिलेला आकडा एकदाच पुसला, आणि तो आकडा शून्य होता. पण ते पुढे येईल. आधी आक्काचा धंदा समजून घ्यायला हवा, नाहीतर एक शून्य पुसायला बाईला तीन दिवस का लागले, ते काही कळायचं नाही.

आक्का इमारती पाडायची. बांधणारे गल्लोगल्ली सापडतात, पाडणारे मोजके, आणि त्यात बाई म्हणाल तर ही एकटीच. धंदा वडिलांचा. ते गेले तेव्हा आक्का चोविशीची होती आणि धाकटी बहीण बारा वर्षांची. लोक म्हणाले, हत्यारं विकून टाका आणि मोकळ्या व्हा. आक्काने हत्यारं विकली नाहीत, लग्नाच्या भानगडीत पडली नाही, धाकटीला शिकवलं, तिचा संसार मांडून दिला, आणि चव्वेचाळीस वर्षं दुसऱ्यांची घरं विटेविटेने खाली आणली. आता अडुसष्टावं चालू होतं. गुडघे कुरकुरायचे, पण भिंतीवर बोटाचं पेर आपटून आत वीट आहे की नुसती माती, हे ती अजूनही हातातला चहा न सांडता सांगायची.

या धंद्यात एक गंमत आहे. बाहेरच्या माणसाला वाटतं, घर पाडायचं म्हणजे मालकाने पैसे मोजायचे. तसं नसतं. जुन्या घरात माल असतो. दारं, खिडक्या, लोखंडी तुळया, फरशा, तांब्याची तार, पितळी नळ, झालंच तर धड निघालेल्या विटा. पाडणारा हे सगळं सोडवून विकतो, त्यातून मजुरी भागवतो, वर चार पैसे त्याला सुटतात. म्हणून पाडणाराच मालकाला पैसे देतो आणि घर पाडायला घेतो. आक्का घर बघायला गेली की आधी थेट वर जायची आणि मजल्यामजल्याने खाली यायची. येणारं उजव्या हाताच्या बोटांवर मोजायचं, जाणारं डाव्या. खाली पोचेपर्यंत हिशेब झालेला असायचा. मग खिशातून खडू काढून पुढच्या दारावर, आतल्या बाजूने, एक आकडा लिहायची. तेवढे पैसे ती मालकाला देणार. कागद नाही, सही नाही, घासाघीस नाही. दोनदा त्या आकड्याने तिला स्वतःला खड्ड्यात घातलं, तरी तिने तो बदलला नाही. शहरात एखादी गोष्ट पक्की ठरली की लोक म्हणायचे, आक्काचा खडू लागला.

आता धाकटीकडे येऊ. ती छप्पन्न वर्षांची झाली होती, तरी धाकटीच. तिचा नवरा, आक्का ज्याला भाऊजी म्हणायची, सोफे बनवायचा. इमारत त्यांची स्वतःची, तीन मजली. तळाला कारखाना, तिथे लाकूड, फोम, कापड आणि डिंकाचे डबे. मधल्या मजल्यावर राहतं घर. वरच्या मजल्यावर कापडाचे तागे आणि एक रिकामी खोली. त्या खोलीला घरात सगळे 'आक्काची खोली' म्हणायचे, आक्का तिथे एक रात्रही राहिलेली नसताना. धाकटी दरवर्षी म्हणायची, आता ये राहायला. आक्का दरवर्षी म्हणायची, बघू.

त्या मंगळवारी आक्का सहज चहाला गेली, तर कारखान्यात एक बाई फीत लावून भिंती मोजत होती. विमा कंपनीची. धाकटीच्या इमारतीचा विमा शनिवारी संपत होता आणि नवा करायचा होता. बाई तिशीची, बोलायला मऊ, कामाला चिवट. मोजून झाल्यावर तिने टेबलावर फॉर्म पसरला.

"आग लागली, इमारत गेली, तर नवी बांधायला साठ लाख," ती म्हणाली. "हा झाला एक रकाना. खाली दुसरा रकाना आहे. पाडकाम आणि मलबा उचलणं. जे अर्धवट उभं राहील ते आधी पाडावं लागतं, जागा साफ करावी लागते, मगच नवं बांधता येतं. तो खर्च इथे लिहिला तरच कंपनी देते. आमच्या तक्त्याप्रमाणे तुमचे सहा लाख होतात. हप्ता थोडा वाढेल."

हप्ता वाढेल म्हटल्यावर भाऊजींचा चेहरा उतरला. माणूस मनाने चांगला, पण खिशाला शिवण दुहेरी. त्यांनी आक्काकडे बघितलं आणि एकदम त्यांना कंठ फुटला.

"पाडायचे पैसे? घरात आक्का असताना? आक्का, तुम्हीच सांगा यांना, पाडायला पैसे लागतात की मिळतात?"

"मिळतात," आक्का म्हणाली. "चव्वेचाळीस वर्षं मीच देतेय."

"पण ती उभी, धड इमारत असते," विमावाली म्हणाली. "जळालेली असेल तर..."

"जळली तरी लोखंड ते लोखंडच. पोरी, मी पहिली भिंत पाडली तेव्हा तुझ्या आईचं लग्नसुद्धा झालं नसेल."

भाऊजी हसले. धाकटी हसली नाही, ती कप उचलत होती. आक्काने बसल्या बसल्या खडू काढला, दार हाताशीच होतं, खुर्ची थोडी मागे सरकवली आणि दाराच्या आतल्या बाजूला हे एवढं मोठं शून्य काढलं. विमावालीने त्या शून्याकडे बघितलं, मग फॉर्मकडे, आणि पेन्सिलीने रकान्यात शून्य घातलं. पेनाने नाही, पेन्सिलीने.

"मी शुक्रवारी सहीला येते," ती म्हणाली. "तोवर विचार करा."

"विचार झाला," भाऊजी म्हणाले.

बुधवारी सकाळी आक्काला बाइंडरचं बोलावणं आलं. हा पुस्तकं बांधणारा माणूस, आक्काच्या ओळखीचा. आठ वर्षांपूर्वी तिने त्याच्या पाठीमागचं घर पाडलं होतं, तेव्हा दीड महिना तिच्या माणसांना यानेच पाणी पाजलं. गेल्या आठवड्यात त्याच्या इमारतीला आग लागली होती. माणसं जेवायला बाहेर गेली होती म्हणून कोणाला इजा झाली नाही, पण इमारत राहिली नव्हती. नगरपालिकेची नोटीस आली होती, वीस दिवसांत पाडा, नाहीतर आम्ही पाडू आणि दंडासकट वसूल करू.

खरं तर आक्का जळकी घरं घ्यायची नाही. वडील घ्यायचे नाहीत म्हणून तीही घ्यायची नाही. का घ्यायची नाहीत हे वडिलांनी सांगितलं नव्हतं आणि हिने कधी विचारलं नव्हतं. जळकं घर आलं की ती दुसऱ्याचं नाव सांगायची आणि विसरून जायची. पण बाइंडरला नाही कसं म्हणायचं? खाल्ल्या मिठाला जागायला हवं, इथे तर दीड महिन्याचं पाणी होतं. आक्का ऐटीत निघाली.

जिना दगडी होता म्हणून वाचला होता. आक्का वर चढली आणि नेहमीसारखे दोन्ही हात पुढे धरले. उजवा, येणारं. दारं? चौकटींच्या जागी काळी भोकं. तुळया? आगीत तापून, बंबाच्या पाण्याने गार होऊन त्यांचे वेटोळे झालेले. आधी त्या गॅसने कापायच्या, मग कुठे त्या जिन्यातून निघणार, म्हणजे भंगाराचा भाव कापण्यातच जाणार. फरशा तडकलेल्या. तार वितळून भिंतीत मुरलेली. विटा हातात घेतल्या तर भुगा. ती एक मजला उतरली, दुसरा उतरली. उजव्या हाताचं एकही बोट मिटलं नव्हतं.

आणि डावा हात? दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांशी सामाईक, म्हणजे यंत्र लावायचं नाही, सगळं हाताने. भिंतींना आधी टेकू. खाली रस्ता, तिथे फळ्यांचं छत. आणि कागद. तीन मजले भरून कागद, अर्धा जळलेला, अर्धा भिजून फुगलेला. ओल्या कागदाचा एक गठ्ठा उचलायला दोन माणसं, आणि कचऱ्याच्या मैदानावर पैसे वजनावर. शाई आणि डिंकाची राख तिथे घेतच नाहीत, ती शहराबाहेर न्यायची. डाव्या हाताची बोटं दुसऱ्या मजल्यावरच संपली. आक्काने ती पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतली.

खाली आली, तर लिहायला दार नव्हतं. तिने जिन्याशेजारच्या भिंतीवरची काजळी बाहीने पुसली आणि सवयीने आकडा लिहिला. सात लाख.

बाइंडरने तो वाचला आणि त्याचे डोळे भरून आले.

"आक्का, उपकार झाले," तो म्हणाला. "मला वाटलं होतं, या राखेचे दोन देखील कोणी देणार नाही. तुम्ही सात देताय."

चव्वेचाळीस वर्षांत तिच्या आकड्याचा अर्थ एकच होता, आणि त्या माणसाने तो बरोबर वाचला होता.

"हे मी द्यायचे नाहीत," ती म्हणाली. "तुम्ही द्यायचे आहेत."

तो भिंतीला टेकला. बोलला तेव्हा आवाजात राग नव्हता, आणि राग असता तर बरं झालं असतं, असं आक्काला वाटलं.

"विमा आहे माझा," तो म्हणाला. "बांधायचे पंचेचाळीस लाख मिळतील. पाडायचा रकाना कोरा आहे. तुम्हाला आठवत नसेल. तुम्ही पाठीमागचं घर पाडत होतात, मी फॉर्म घेऊन तुमच्याकडे आलो होतो. विचारलं, इथे काय लिहू? तुम्ही म्हणालात, पाडायला उलट पैसे मिळतात, कोरा सोडा. मी सोडला, आणि दर वर्षी तसाच पुढे चालवला."

आक्काला आठवत नव्हतं, पण ते आपलंच वाक्य आहे, हे तिला कळलं. कालच ती ते बोलली होती.

"पंचेचाळीसमधून सात गेले, की दोनच मजले होतील," बाइंडर हिशेब लावत म्हणाला. "तिसऱ्यावर शिलाई चालायची. चार बायका आहेत. त्यांना काय सांगू, बघतो."

आक्काला शरम वाटली. तिला कोणी कधी चुकीचं ठरवलं नव्हतं, म्हणून ती कशी वाटते याची तिला सवयच नव्हती. ती तिथल्याच एका दगडावर बसली.

"आकडा सातच राहील," ती शेवटी म्हणाली. "लिहिलेलं मी बदलत नाही. पण त्यात दीड लाख माझे आहेत, ते काम झाल्यावर मी तुम्हाला परत करीन. बाकीचे माझ्या माणसांच्या मजुरीचे, ते मला सोडता येत नाहीत."

"दीडमध्ये तिसरा मजला होत नाही, आक्का."

"नाही होत," आक्का म्हणाली. "पण दोन चांगले होतील. आणि चौघींना पहिल्या मजल्यावर जागा कशी करायची ते मी तुम्हाला आखून देते. मध्ये जी भिंत होती ती नाहीतरी फुकटची होती."

घरी जाताना तिच्या डोळ्यांसमोर दाराच्या आतलं ते शून्य होतं. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा म्हणतात. इथे ठेच बाइंडरला लागली होती खरी, पण रस्त्यात दगड ठेवणारी आक्का होती, आणि तसाच दुसरा दगड तिने बहिणीच्या उंबऱ्यात ठेवला होता.

मग लगेच जाऊन शून्य पुसायचं की नाही? नाही. गुरुवार तिने हत्यारांना धार लावण्यात घालवला. भंगारवाल्याशी कारण नसताना भांडली. मनाशी म्हणाली, आग काय रोज लागते? पुन्हा म्हणाली, बाइंडरच्या इथेही रोज लागत नव्हती. भाऊजींसमोर, त्या विमावालीसमोर जाऊन 'चुकले' म्हणायचं, हे काही तिच्या घशाखाली उतरेना. शेवटी दुपारी तिला तोड सापडली. घर जळलंच, तर मी पाडीन. माझी माणसं, माझी हत्यारं, मजुरी माझ्या खिशातून. बहिणीकडून कोण पैसे घेतंय? म्हणजे शून्य शून्यच राहिलं, आणि खडूही खरा राहिला. या विचाराने तिला इतकं बरं वाटलं की तिने भंगारवाल्याला परत बोलावून चहा पाजला.

शुक्रवारी ती गेली तेव्हा विमावाली फॉर्म घेऊन बसलेली होती आणि भाऊजींनी सहीसाठी पेनाचं टोपण काढून ठेवलं होतं. दारावर शून्य होतं तसंच होतं. कोणीतरी दार पुसताना त्याच्या भोवतीने पुसलं होतं.

"या आक्का," भाऊजी म्हणाले. "या बाई अजून विचारतायत, शून्य नक्की का म्हणून."

"नक्की," म्हणायला आक्काने तोंड उघडलं, आणि तिला एक गोष्ट खटकली. मंगळवारी तिने आकडा लिहिला तो खुर्चीत बसून. वर गेलीच नव्हती. चव्वेचाळीस वर्षांत वर गेल्याशिवाय तिने कोणाला आकडा सांगितला नव्हता, आणि बहिणीच्या घराला मात्र बसल्या जागी सांगून मोकळी झाली.

"थांबा जरा," ती म्हणाली. "वरून येते."

धाकटी तिच्यामागे निघाली. मधला मजला पार झाला. त्याच्या वरच्या वळणावर आक्काचे गुडघे बोलायला लागले आणि दम लागला, तेव्हा तिने न बघता मागे हात नेला, आणि हाताला स्टूल लागलं. ती बसली. बसल्यावर तिच्या लक्षात आलं, की जिन्याच्या वळणावर स्टूल असायचं काही कारण नाही. त्याला भाऊजींनी जाड गादी शिवलेली होती.

"हे इथे कधीपासून?"

"तीन वर्षं झाली," धाकटी म्हणाली. "तू इथे थांबतेस ना."

"मी थांबते?"

"दर वेळी."

आक्काने गादीची शिवण चाचपली. तीन वर्षं आपण या वळणावर बसतोय आणि आपल्याला वाटतंय, आपण एका दमात वर जातो. घर जळेल तेव्हा मी पाडीन, असा काल दुपारी हिशेब घातला होता. कधी जळेल? उद्या जळालं तर पाडीन. पाच वर्षांनी? दहा वर्षांनी, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, हातात टिकाव घेऊन?

ती उठली आणि वर गेली. आक्काच्या खोलीत एक पलंग होता, खिडकी होती, भिंतीवर दोन खुंट्या होत्या. खुंट्या जरा खाली ठोकलेल्या, हात फार वर न नेता शाल अडकवता येईल अशा. आक्काने भिंतीवर पेर आपटलं. वीट, चांगली भाजलेली. मग तिने दोन्ही हात पुढे धरले आणि डोळ्यांसमोर बाइंडरची इमारत आणली.

उजवा हात तसाच राहिला. डाव्याचं पहिलं बोट तिने या खोलीसाठी मिटलं.

"काय करतेस?" धाकटीने विचारलं.

"तुझं घर जाळतेय. गप्प बस, हिशेब चुकेल."

कापडाचे तागे, म्हणजे भिजल्यावर कागदाच्या वरताण. एका बाजूला औषधवाल्याची सामाईक भिंत, दुसऱ्या बाजूला शिंप्याची, दोन्हींना टेकू. मधल्या मजल्यावर धाकटीचं स्वयंपाकघर, तिची कपाटं, ज्या टेबलावर आक्काने पन्नास वेळा तरी जेवण केलं ते टेबल. परक्यांची घरं अशी मोजताना तिला कधी काही झालं नव्हतं. इथे ती टेबलापाशी अडखळली, पण तिने एकही बोट वगळलं नाही. तळाला फोम. फोम जळला की त्याचा डांबरासारखा चिकटा होतो, तो फरशीवरून खरवडून काढावा लागतो आणि तो कुठलंच मैदान घेत नाही. मजुरी मात्र तिने आपल्या माणसांची लावली नाही. अनोळखी माणूस येईल, त्याला या घराची काही पडलेली नसेल, तो जे मागेल ते लावलं.

खाली येऊन ती म्हणाली, "एक ओलं फडकं दे."

धाकटीने दिलं. आक्काने शून्य पुसलं. एका हाताने पुसलं, नीट, कडेपर्यंत. भाऊजींच्या हातातलं पेन तसंच राहिलं.

"माझं चुकलं होतं," आक्का म्हणाली. वाटलं होतं त्यापेक्षा ते सोपं निघालं, म्हणून तिने पुढचंही सांगून टाकलं. "मला पाडायचं कळतं ते उभ्या घराचं. जळक्या घरात विकायला काही राहत नाही, नुसतं उचलायचं असतं. हे मला परवा कळलं, एका चांगल्या माणसाचा मजला बुडवून. ही पोर मंगळवारी तेच सांगत होती, आणि मी तिला तिच्या आईच्या लग्नाच्या गोष्टी सांगत होते."

विमावाली फॉर्मकडे बघत होती, पण तिच्या ओठांचे कोपरे हलले.

"मग सहा लाख लिहू?" तिने विचारलं.

"नऊ."

"नऊ?" भाऊजी म्हणाले.

"तक्त्यात सहा आहेत," विमावाली म्हणाली.

"तक्त्याला शेजारी नसतात. इथे दोन आहेत. तक्त्याने कधी फोमचा चिकटा खरवडलाय? मी सांगते तो खर्च कागदावर लिही. टेकू, हाताने पाडणं, वजनावर मलबा, चिकटा वेगळा. तुझ्या साहेबाने विचारलं तर माझ्याकडे पाठव." आवाजात पुन्हा जुनी धार आली होती, आणि खोलीतल्या तिघांनाही ते बघून बरं वाटलं.

भाऊजींना मात्र नऊ गिळवत नव्हते. "अहो पण आक्का, तशी वेळ आलीच, तर तुम्ही आहात की. तुम्ही काय आमच्याकडून पैसे घेणार आहात?"

कालची तोड त्यांनी आयती तिच्या हातात आणून ठेवली होती. आक्काने ती घेतली नाही.

"भाऊजी, मी मला वगळून मोजलंय," ती म्हणाली. "मी नाही असं धरून."

"तुम्ही कुठे जाताय?"

"सगळे जातात तिथेच. तुम्ही जिन्यात माझ्यासाठी गादीचं स्टूल शिवलंत, तेव्हा काय मी धावत वर जाईन म्हणून शिवलंत?"

भाऊजींनी मान खाली घातली. मग पेन पुढे केलं, विमावालीने पेन्सिलीचं शून्य खोडरबराने खोडून शाईने नऊ लाख लिहिले, आणि त्यांनी सही केली. हप्त्याचा वाढलेला आकडा त्यांनी दोनदा वाचला, पण तोंडातून चकार शब्द काढला नाही. त्या माणसाच्या हिशेबाने ही मोठीच गोष्ट होती.

आक्काने खडू काढला. दाराशी गेली, थांबली, आणि मागे फिरली. "दार जळतं," ती म्हणाली, आणि जिन्याशेजारच्या विटांच्या भिंतीवर, डोळ्यांच्या उंचीवर, नऊ लाख लिहिले. मग चव्वेचाळीस वर्षांत न केलेली आणखी एक गोष्ट केली. विमावालीकडून एक कोरा कागद मागून घेतला, त्यावर तोच आकडा, कशाचे किती ते सगळं लिहिलं, खाली सही केली आणि फॉर्मला जोडायला दिला.

"पुढच्या महिन्यात रंगारी येणार आहे," भाऊजी म्हणाले. "भिंतीवरचं पुसायचं का?"

"भोवतीने रंगवायला सांगा. माझ्यामागे कोणी पाडायला आला आणि याच्यावर मागायला लागला, तर त्याला हा आकडा दाखवा. म्हणावं, आक्काने मोजलंय. जुना असेल तर ऐकेल, नवा असेल तर त्याला बाहेरचा रस्ता दाखवा."

धाकटी इतका वेळ ओलं फडकं हातात धरून उभी होती. फडक्यातला खडू तिच्या बोटांना लागला होता.

"आणि तू असलीस तर?" तिने विचारलं.

आक्काने तिच्याकडे बघितलं. बारा वर्षांची असताना, वडील गेले त्या आठवड्यात, तिने असंच काहीतरी विचारलं होतं, आणि आक्काने तेव्हाही उत्तर द्यायला वेळ लावला नव्हता.

"असले तर वरच्या खोलीत असेन," आक्का म्हणाली. "आधी मला खाली आणा, मग घराचं बघा."

रंगारी आला तेव्हा त्याने आकड्याच्या भोवतीने रंग दिला. वरच्या खोलीला हात लावायला त्याला आक्काने आठ दिवस थांबवलं, कारण तिची ट्रंक आली होती आणि तिला आधी तिथल्या उरलेल्या तीन भिंती ठोकून बघायच्या होत्या.